चवथीच्या तोंडावर गाडी सुरू होत नाही तेव्हा

श्रावण सरत आला की गोव्याच्या पेडणे तालुक्यातल्या कोरगावात माणसांची ये-जा वाढते. मुंबई-पुण्याची, आखातातली कुटुंबे चवथीसाठी गावी येतात. २०२३ च्या जानेवारीत मोपाचा विमानतळ सुरू झाल्यापासून तर काही जण थेट पेडण्यातच उतरतात. बंद घरांची दारे उघडतात, माटोळीचे सामान रानातून यायला लागते आणि त्याच धांदलीत पत्र्याच्या शेडमध्ये मे महिन्यापासून उभी असलेली जुनी मारुती किंवा पद्मिनी बाहेर काढायचा खटाटोप सुरू होतो. किल्ली फिरवली की ‘टक्’ असा एकच आवाज येतो, नाहीतर इंजिन फिरत राहते पण पकडत नाही. ‘बॅटरी गेली’ असे कोणीतरी जाहीर करतो, म्हापशाहून नवी बॅटरी येते आणि बऱ्याचदा गाडी होती तिथेच राहते.

पेडण्याच्या पावसात उभ्या राहिलेल्या गाडीचे सुटे भाग सहसा मोडत नाहीत. बिघडतात ते जोड: तार जिथे बॅटरीला लागते, बॉडीला लागते, इंजिनाला लागते, त्या जागा. गोव्यात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. कोरगावला पश्चिमेकडून मांद्रे-हरमलचा खारा वारा लागतो, सखल भागात खाजने आहेत, भोवती झाडी आहे. हवेतला दमटपणा आणि मीठ धातूच्या सांध्यात शिरले की शिसे, पितळ, लोखंड आणि तांबे एकमेकांना खायला लागतात. चालत्या गाडीत इंजिनाची ऊब हा ओलावा रोज उडवून लावते. उभ्या गाडीत तो तीन महिने ठाण मांडून बसतो. म्हणून सुटे भाग विकत आणण्याआधी जोड तपासावेत आणि तपासताना क्रम सोडू नये, एवढेच मला या लेखात पटवून द्यायचे आहे.

पेट्रोलचे इंजिन सुरू व्हायला चार गोष्टी लागतात. कोणीतरी ते फिरवले पाहिजे, योग्य क्षणी ठिणगी पडली पाहिजे, हवेत नेमके मिसळलेले पेट्रोल आत गेले पाहिजे आणि ते मिश्रण सिलिंडरमध्ये नीट दाबले गेले पाहिजे. पहिल्या दोन गोष्टींसाठी जुन्या गाड्यांवर एकाच माणसाचे उपकार आहेत. अमेरिकेतल्या डेटन शहरात काम करणाऱ्या चार्ल्स केटरिंगने बॅटरी, कॉइल आणि पॉइंट यांवर चालणारी ठिणगीची व्यवस्था उभी केली आणि पाठोपाठ विजेचा स्टार्टर तयार केला, तो १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये बसला. त्याआधी पुढून हँडल मारून इंजिन फिरवावे लागे. आपल्याकडच्या अॅम्बॅसडरला तर कितीतरी वर्षे पुढच्या बाजूला हँडलसाठी भोक असायचे, आणि हँडल मारताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायचा, कारण इंजिनाने उलटा झटका दिला तर अंगठा मोडतो, हे घरातली मोठी माणसे आवर्जून सांगत.

या लेखात ‘जुनी गाडी’ म्हणजे मुख्यतः दोन घराण्यांची. एक मारुती ८००. १४ डिसेंबर १९८३ रोजी पहिली गाडी दिल्लीत ग्राहकाच्या हाती पडली, जानेवारी २०१४ मध्ये उत्पादन थांबले. ७९६ सीसीचे तीन सिलिंडरचे इंजिन, आणि २००० सालाच्या आसपासपर्यंत कार्बोरेटर. दुसरी प्रीमियर पद्मिनी. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली, १०८९ सीसीची, चार सिलिंडरची. या दोन्ही गाड्यांचे बोनेट उघडले की सगळे भाग डोळ्यांना दिसतात, हाताला लागतात. घरच्या घरी शोध घेता येतो तो त्यामुळेच.

पाना हातात घेण्याआधी कान आणि डोळे वापरावेत. हेडलाइट लावायचे, एकाला समोर उभे करायचे आणि किल्ली फिरवायची. दिवे एकदम मंदावले किंवा विझले आणि ‘टक्’ असा आवाज झाला, तर बॅटरी उतरलेली आहे किंवा जाड तारांचा एखादा जोड खराब आहे. दिवे झगझगीत राहिले आणि काहीच घडले नाही, तर वीज सेल्फपर्यंत, म्हणजे स्टार्टर मोटरपर्यंत जातच नाही: किल्लीचा स्विच, बारीक वायर किंवा सेल्फवरचा सोलेनॉइड पाहावा. दिवे थोडे मंदावले, इंजिन नेहमीच्या लयीत फिरले आणि तरी पकडले नाही, तर बॅटरीला हात लावायचे कारणच नाही. ठिणगी आणि पेट्रोल यांच्याकडे वळावे. सेल्फ नुसता भिरभिरला आणि इंजिन जागचे हलले नाही, तर सेल्फचा छोटा गिअर फ्लायव्हीलमध्ये अडकत नाही. या एका मिनिटाच्या पाहणीने अर्धी वाट कमी होते. मेकॅनिकला फोन करायचा झाला तरी ‘चालू होत नाही’ यापेक्षा ‘दिवे विझतात आणि एकदा टक् होते’ हे सांगणे त्याच्या शंभरपट उपयोगाचे.

आता बॅटरी. आतमध्ये सहा घरे असतात, प्रत्येक घराचे दोन व्होल्टपेक्षा थोडे जास्त. रात्रभर न वापरलेली, पूर्ण चार्ज असलेली बॅटरी मल्टिमीटरवर १२.६ च्या आसपास दाखवते. १२.२ म्हणजे निम्मी, १२ च्या खाली गेली तर जवळजवळ रिकामी. सेल्फ मारताना आकडा खाली येणारच, पण तो साडेनऊच्या खाली घसरत असेल तर बॅटरीत दम नाही. टोपणे काढता येणाऱ्या बॅटरीत हायड्रोमीटरने आम्लाचे विशिष्ट गुरुत्व पाहावे. पूर्ण चार्जला ते १.२४ ते १.२८ च्या दरम्यान येते. पाच घरे सारखी आणि एकच खूप खाली असेल, तर ती बॅटरी चार्ज करून काही उपयोग नाही. सगळीच सारखी खाली असतील तर ती फक्त उतरलेली आहे.

उतरते का, याचा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. छोट्या गाडीची बॅटरी ३५ अँपिअर-तासांची धरा. मुळात या गाड्यांना उभे असताना जवळजवळ काहीच वीज लागत नाही. पण नंतर कोणीतरी म्युझिक सिस्टिम बसवलेली असते, सेंट्रल लॉक आणि अलार्म बसवलेला असतो. त्यांचे मिळून २० मिलिअँपिअर जरी सतत जात असतील तरी १७५० तासांत, म्हणजे सुमारे ७३ दिवसांत बॅटरी कोरडी होते. १० जूनला गाडी लावली तर हा हिशेब २२ ऑगस्टला संपतो. बॅटरी आतल्या आत स्वतःही उतरते, उन्हाळ्यात जास्त, म्हणजे प्रत्यक्षात त्याच्याही आधी. आणि रिकाम्या अवस्थेत पडून राहिली की प्लेटांवर शिशाच्या सल्फेटचे कठीण स्फटिक धरतात; मग चार्जर लावूनही तिची पहिली ताकद येत नाही. चवथीला मेलेली दिसणारी बॅटरी जुलैत वाचवता आली असती.

पण बॅटरी नवी कोरी असूनही ‘टक्’ येते तेव्हा खरा शोध सुरू होतो. बॅटरीच्या टोकावर पांढरी-हिरवट बुरशी दिसली तर ती साफ करायलाच हवी, पण सर्वांत घातक थर दिसत नाही. तो टोक आणि क्लॅम्प यांच्या मधल्या फटीत असतो, करड्या रंगाचा, कागदासारखा पातळ. क्लॅम्प वरून घट्ट दिसतो, हाताने हलत नाही, दिवेही लागतात. दिव्यांना आठ-दहा अँपिअर लागतात, ते या थरातून निभावून जातात. सेल्फला शंभरच्या आसपास लागतात. जोडाचा अडथळा एका ओहमचा शंभरावा भाग असला तर शंभर अँपिअरला एक व्होल्ट तिथेच खर्च होतो. तीन शतांश असला तर तीन व्होल्ट, आणि सेल्फच्या वाट्याला फारसे काही उरत नाही. पाटाच्या तोंडाशी गाळ साचला की मागे तळी तुडुंब असूनही कुळागराला पाणी पोचत नाही, तसे हे. हरवलेली ही वीज उष्णतेच्या रूपात बाहेर पडते, आणि शोधायची सोपी युक्ती त्यातूनच मिळते: चार-पाच सेकंद सेल्फ मारून लगेच बॅटरीची दोन्ही टोके आणि जाड तारांची टोके बोटाने चाचपावीत. जे टोक कोमट किंवा गरम लागेल, तोच गुन्हेगार.

साफ करताना आधी ऋण बाजूची तार काढायची आणि बसवताना ती सर्वांत शेवटी लावायची. धन बाजूचा नट सोडताना पाना चुकून बॉडीला लागला आणि ऋण तार जोडलेलीच असली, तर ठिणग्यांचा लोळ उठतो. बॅटरीतून निघणारा हायड्रोजन जवळ असला तर स्फोटही होतो. (ब्रिटिश घडणीच्या काही फार जुन्या गाड्यांत बॉडीला धन टोक जोडलेले असते, तिथे हाच नियम उलट्या बाजूने पाळायचा.) कोमट पाण्यात खायचा सोडा कालवून बुरशीवर ओतला की फेस येतो आणि आम्ल मरते, ते पाणी बॅटरीच्या घरांत मात्र जाता कामा नये. मग काचकागदाने टोक आणि क्लॅम्पची आतली बाजू शिसे चकाकेपर्यंत घासायची, घट्ट आवळायचे आणि आवळून झाल्यावर वरून व्हॅसलीन किंवा ग्रीस लावायचे.

यानंतरचा जोड बहुतेक जण विसरतात, आणि किनाऱ्यालगतच्या गावांत मला तोच सर्वांत महत्त्वाचा वाटतो. इंजिन रबराच्या पायांवर बसवलेले असते, त्यामुळे ते बॉडीपासून विजेच्या दृष्टीने तुटलेले असते. ते जोडायला तांब्याच्या तारांची विणलेली एक चपटी पट्टी किंवा जाड तार असते, तिला आपण अर्थिंग म्हणतो. ती खाली असते, चिखल उडतो तिथे. विणीत पाणी शिरते, तांबे हिरवे पडते, बोल्टखालचा पत्रा गंजतो. ही पट्टी निकामी झाली की सेल्फची वीज परतीची दुसरी वाट शोधते, आणि ती वाट कधी कधी चोकच्या किंवा अॅक्सिलरेटरच्या केबलमधून जाते. सेल्फ मारताना चोकची केबल गरम झाली, तिचे प्लास्टिक मऊ पडले, वास आला, तर दुसरे काही शोधायला नको. जंपर केबलचे एक टोक बॅटरीच्या ऋण टोकाला आणि दुसरे थेट इंजिनाच्या उघड्या धातूला लावावे व सेल्फ मारावा. इंजिन टुणकन फिरले तर दोष अर्थिंगचा. पट्टी बदलायचा खर्च नव्या बॅटरीच्या मानाने नगण्य असतो. मल्टिमीटर असेल तर एक काडी बॅटरीच्या ऋण टोकावर, दुसरी इंजिनावर ठेवून सेल्फ मारताना आकडा पाहावा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त आला तर मधला एखादा जोड खातो आहे. मग टोक ते क्लॅम्प, क्लॅम्प ते बॉडी, बॉडी ते इंजिन असे एकेक पाऊल सरकत गेले की जागा सापडते.

दुसऱ्या गाडीवरून करंट घ्यायचा तर धनाला धन जोडावे, आणि काळ्या केबलचे शेवटचे टोक आपल्या बॅटरीला न लावता इंजिनाच्या धातूला लावावे. अखेरची ठिणगी बॅटरीपासून दूर पडते. धक्का मारायचा असेल तर किल्ली चालू, गिअर दुसरा, क्लच दाबलेला, आणि वेग आल्यावर क्लच झटकन सोडायचा. आपल्याकडचे चढ-उतार यासाठी सोयीचे आहेत हे खरे, पण शेवाळलेल्या उतारावर बंद इंजिनाच्या गाडीचा ब्रेक जड लागतो, हे विसरू नये. बॅटरी अगदीच कोरडी असली तर धक्क्यानेही गाडी उठत नाही, कारण कॉइलला थोडी तरी वीज लागतेच.

इंजिन जोमाने फिरते आहे पण पकडत नाही, अशा वेळी प्लग बोलतो. एक प्लग काढून पाहावा. ओला आणि पेट्रोलचा वास येणारा असेल तर पेट्रोल पोचते आहे, ठिणगी नाही. कोरडा ठणठणीत असेल तर पेट्रोल पोचत नसण्याचीच शक्यता जास्त. ठिणगी पाहायला दुसरा प्लग टोपीत खोचून इंजिनाच्या धातूवर नीट टेकवून ठेवायचा आणि सेल्फ मारायला सांगायचे. हातात धरायचा नाही. जिथे पेट्रोलचा वास येतो किंवा गळती दिसते तिथे ही चाचणी करायचीच नाही. निळी, कडक, चटचट आवाज करणारी ठिणगी चांगली. पिवळसर, बारीक ठिणगी सिलिंडरच्या दाबाखाली विझते.

ही ठिणगी पंधरा-वीस हजार व्होल्टची असते आणि ओलाव्याशी तिचे हाडवैर आहे. पावसाळ्यात तिचा घात होतो तो डिस्ट्रिब्युटरच्या टोपीत. दोन क्लिपा सोडल्या की टोपी हातात येते. आत कडेने सिलिंडर तितके धातूचे खुंट, मधोमध स्प्रिंगवर बसलेला कोळशाचा बारीक दांडा. तो बोटाने दाबून मागे-पुढे होतो का पाहावे. टोपीच्या आत दव साचल्यासारखे बाष्प दिसले तर कोरड्या सुती फडक्याने पुसून, ऊन असेल तर उन्हात ठेवून बसवली की गाडी कित्येकदा पहिल्या झटक्यात सुरू होते. पण दोन खुंटांच्या मध्ये पेन्सिलीने ओढल्यासारखी काळी बारीक रेघ दिसली तर पुसून भागणार नाही. ओल्या पृष्ठभागावरून वीज सरपटत गेली आणि प्लास्टिक जळून तिथे कार्बन तयार झाला, ती ही रेघ. कार्बनमधून वीज वाहते, म्हणून पुढच्या वेळी कोरड्या हवेतही ठिणगी त्याच वाटेने पळते. टोपी बदलावी. वायरी कुठे गळतात ते पाहायचे असेल तर रात्री अंधारात बोनेट उघडून सेल्फ मारावा. फुटलेल्या वायरीवरून निळसर ठिणग्या सरपटताना दिसतात.

टोपी काढण्याआधी वायरींचा फोटो घेऊन ठेवावा. मारुतीच्या तीन सिलिंडरांचा क्रम १-३-२, पद्मिनीच्या चारांचा १-३-४-२. दोन वायरी अदलाबदल झाल्या तर इंजिन कार्बोरेटरमधून खोकते आणि मूळ दोष बाजूलाच राहतो.

पॉइंटवाल्या गाडीत महिनोन्महिने उभे राहिल्यावर पॉइंटच्या दोन टोकांवर करडा थर धरतो. तेवढ्याने कॉइलचा प्रवाह तुटतो आणि ठिणगी नाहीशी होते. बारीक काचकागदाने हलका हात फिरवून मग कोरा कागद मधून ओढावा, आणि फीलर गेजने फट पाहावी. बहुतेक गाड्यांना ती ०.४ ते ०.५ मिलिमीटर लागते. आणखी एक गोष्ट येथेच सांगायला हवी: बॅटरी कमकुवत असली तर सेल्फ मारताना कॉइललाही कमी व्होल्ट मिळतात. इंजिन फिरते, पण ठिणगीत जीव नसतो. ठिणगी पिवळी दिसली की कॉइल बदलायला धावण्याआधी पूर्ण चार्ज बॅटरीवर पुन्हा पाहावे.

उंदरांचा उल्लेख केल्याशिवाय कोरगावातली यादी पुरी होणार नाही. शेतात पाणी भरले की उंदीर कोरडी जागा शोधतात आणि बोनेटखाली त्यांना ती मिळते. एअर फिल्टरच्या डब्यात भाताचा पेंढा आणि चिंध्या सापडणे नेहमीचे. कुरतडलेली वायर वरून शाबूत दिसते आणि खालून उघडी असते, तेव्हा हात फिरवून पाहावे. फिल्टरचा डबा उघडल्याशिवाय पहिला सेल्फ मारूच नये.

पेट्रोलचा भाग मी मुद्दाम शेवटी ठेवला आहे, कारण लोक तिथून सुरुवात करतात. महिनोन्महिने उभ्या गाडीच्या कार्बोरेटरमधले पेट्रोल उडून गेलेले असते. इंजिनावर चालणारा पंप टाकीतून नवे पेट्रोल ओढून आणेपर्यंत बराच वेळ सेल्फ मारावा लागतो, आणि त्यातच दुबळी बॅटरी संपते. म्हणून आधी बॅटरी चार्ज करावी, दहा सेकंदांपेक्षा जास्त सलग सेल्फ मारू नये आणि मध्ये अर्धा मिनिट थांबावे. सेल्फची गुंडाळी जळते ती हट्टामुळे. चोक पूर्ण ओढावा, आपल्या उकाड्यातही. थंड इंजिनाला दाट मिश्रण लागतेच. उलट, पेट्रोलचा उग्र वास येऊ लागला आणि प्लग ओले निघाले तर चोक आत ढकलून अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून धरावा, पंप करू नये, आणि तसाच सेल्फ मारावा; जादा पेट्रोल हवेबरोबर निघून जाते.

पारदर्शक फिल्टर असेल तर उजेडात धरून पाहावा. तळाशी पाण्याचा वेगळा थर दिसला तर टाकीत पाणी आहे. अर्धी रिकामी टाकी दमट हवेत श्वास घेते, रात्रीच्या गारव्यात आत दव धरते. त्यात आता इथेनॉलची भर पडली आहे. पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट देशाने २०२५ मध्ये गाठले. इथेनॉल पाणी ओढून घेते. ठरावीक प्रमाणापर्यंत ते पेट्रोलमध्ये विरघळलेले राहते, त्यापुढे पाणी आणि इथेनॉल मिळून वेगळे होतात आणि जड असल्यामुळे टाकीच्या तळाशी बसतात, म्हणजे नेमके पेट्रोल ओढणाऱ्या नळीच्या तोंडाशी. ऐंशी-नव्वदच्या दशकांतल्या गाड्यांचे रबरी पाइप आणि पंपातला पडदा या मिश्रणासाठी बनवलेले नाहीत. ते फुगतात, चिरतात. पाइप हाताने वाकवून भेगा दिसतात का पाहावे आणि दिसल्या तर इथेनॉल सोसणारे नवे पाइप घालावेत. जुन्या पेट्रोलचा डिंक कार्बोरेटरच्या बारीक जेटमध्ये बसला असेल तर इंजिन चोकवर चालते आणि चोक आत घातला की मरते. मग कार्बोरेटर उघडण्यावाचून गत्यंतर नाही.

आणि एक कळकळीची विनंती. एअर फिल्टर काढून कार्बोरेटरच्या तोंडात बाटलीने पेट्रोल ओतायचे आणि वरून सेल्फ मारायचा, हा प्रकार सर्रास चालतो. इंजिनाने उलटा भडका दिला तर हातातली बाटलीच पेटते. दोन-चार थेंब घालायचेच असतील तर बाटली दूर नेऊन ठेवावी, फिल्टर परत बसवावा, मगच किल्लीला हात लावावा.

डिझेलच्या जुन्या जीपला ठिणगी लागत नाही, म्हणून वरचा मधला मोठा भाग तिच्या बाबतीत गळतो. तिथे हीटर प्लग, वॉटर सेपरेटरमधले पाणी आणि पाइपात शिरलेली हवा एवढे पाहायचे. हातपंपाने हवा काढली की बऱ्याच जीपा उठतात.

बॅटरी चांगली, ठिणगी निळी, पेट्रोल येते, तरी इंजिन नेहमीपेक्षा हलके आणि भरभर फिरते, असा आवाज वेगळा ओळखू येतो. मारुतीत असे झाले तर डिस्ट्रिब्युटरची टोपी काढून सेल्फ मारायला सांगावा. आतला रोटर फिरत नसेल तर टायमिंग बेल्ट तुटला आहे. घरच्या हत्यारांचे काम तिथे संपले. कार्बोरेटर जाऊन इंजेक्शन आलेल्या गाड्यांत किल्ली चालू करताच टाकीतल्या पंपाची दोन सेकंद गुणगुण ऐकू येते. ती येत नसेल तर पंपाचा फ्यूज आणि रिले पाहावा, पुढचे काम स्कॅनरवाल्याचे.

गाडी पाण्यात उभी होती, किंवा पाण्यातून नेताना एकदम बंद पडली, तर मात्र यातले काहीच करू नये. सेल्फला हात लावायचा नाही. सिलिंडरमध्ये पाणी शिरले असेल तर ते दाबले जात नाही आणि पिस्टनचा दांडा वाकतो. आधी सगळे प्लग काढावेत, मग इंजिन फिरवून पाणी बाहेर काढावे, ऑइल काढून पाहावे. ते दुधाळ झाले असेल तर बदलावे. धक्का मारून गाडी सुरू करण्याचा मोह येथे सर्वांत महाग पडतो.

गावात कोणी राहत असेल तर पावसाळ्यात पंधरा दिवसांतून एकदा गाडी अर्धा तास चालवणे हा सर्वांत स्वस्त उपाय. जागच्या जागी पाच मिनिटे इंजिन चालू ठेवण्याने काही साधत नाही; सेल्फने खाल्लेली वीजही धड परत येत नाही आणि सायलेन्सरमध्ये पाणी मात्र साचते. घर बंदच राहणार असेल तर मे महिना संपण्याआधी टाकी काठोकाठ भरावी, बॅटरीचे ऋण टोक सोडावे, शक्य असेल तर बॅटरी काढून शेजाऱ्यांकडे ठेवावी आणि महिन्यातून एकदा चार्ज करायला सांगावी. टोके आणि अर्थिंगचे बोल्ट ग्रीसने माखावेत. हँडब्रेक ओढून ठेवू नये, ओलाव्याने ब्रेकचे लायनर ड्रमला चिकटतात. गिअर घालून चाकाखाली चिरा लावावा. प्लास्टिकच्या कागदाने गाडी घट्ट गुंडाळणे टाळावे, आत वाफ कोंडते. डिस्ट्रिब्युटरवर पाणी झटकणाऱ्या स्प्रेचा हलका हात द्यावा आणि एअर फिल्टरचे नळकांडे बारीक जाळीने बांधून, जाळी काढायची आठवण म्हणून स्टिअरिंगला चिठ्ठी लावावी.